पुस्तक न उघडता बोलणाऱ्या महोदयांस



गेल्या शनिवारी आपल्या वाचनगटात मिरांडा फ्रिकर यांच्या ‘एपिस्टेमिक इनजस्टिस’ (२००७) या पुस्तकाचं पहिलं प्रकरण होतं. तुम्ही ते वाचलं नव्हतं. खुर्चीत बसता बसता तुम्हीच तसं सांगितलंत आणि बैठकीचा बहुतेक वेळ तुम्हीच बोललात. त्या दिवशी तुमच्या हातून जे घडलं ते चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे.

तुम्ही न वाचलेल्या प्रकरणात काय होतं, ते आधी सांगतो. बोलणारी व्यक्ती कोण आहे, यावरून ऐकणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह असतो. त्यापायी तो तिच्या शब्दावर हवा तेवढा विश्वास ठेवत नाही. फ्रिकर याला अन्याय म्हणतात, कारण त्यात त्या माणसाचं जाणतेपणच नाकारलं जातं. ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीतला टॉम रॉबिन्सन हे त्यांचं मुख्य उदाहरण. तो कोर्टात खरं बोलतो, पण ज्युरीतल्या गोऱ्यांना कृष्णवर्णीयाचा शब्द खरा मानणं जमत नाही.

यावर बीडहून शिकायला आलेल्या विद्यार्थिनीने विचारलं, “ऐकणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह नसेल, त्याची नुसती चूक झाली असेल, तरीही तो अन्यायच का?” प्रश्न मराठीत होता, तिच्या गावाकडच्या बोलीत. तो पुरा व्हायच्या आत तुम्ही हात वर केलात आणि म्हणालात, “हे फार प्राथमिक आहे, आधी परिभाषा समजून घ्या.”

प्राथमिक नव्हतं ते. त्या प्रकरणाचा सगळा तोल त्याच प्रश्नावर आहे. फ्रिकर यांनीही तो घेतला आहे: चुकीत नैतिक दोष नसेल आणि विचारातला हलगर्जीपणाही नसेल, तर ती या अन्यायात मोडत नाही. मग निष्पाप चूक कुठली आणि पूर्वग्रह कुठला, हे ओळखायचं कुणी आणि कशावरून? चर्चा तिथून पुढे जाणार होती. तुम्ही ती तिथेच मोडलीत. थोड्या वेळाने एका निवृत्त प्राध्यापकांनी तेच इंग्रजीत विचारलं, तेव्हा मात्र तुम्ही वहीत टिपून घेतलंत. तुमची चूक निष्पाप होती, असं मी म्हणूच शकत नाही.

चर्चेत आवाज चढतोच, हे तुमचं नेहमीचं समर्थन. त्यासाठी केंब्रिजच्या मॉरल सायन्सेस क्लबाची २५ ऑक्टोबर १९४६ची बैठक तुम्ही पुन्हा पुन्हा सांगता: तत्त्वज्ञ पॉपर आणि विट्गेनस्टाइन यांचा वाद आणि त्यात विट्गेनस्टाइन यांच्या हाती आलेली शेकोटीची ती लोखंडी सळई. त्याच क्लबात १९१२ साली निबंध सात मिनिटांत आटोपण्याचा नियम झाला होता आणि विट्गेनस्टाइन यांनी स्वतःचा निबंध चारएक मिनिटांत संपवला होता. ही गोष्ट तुम्ही कधीच सांगत नाही.

आपल्या पुण्यातही एक चांगला पायंडा आहे. १९८३ साली मे. पुं. रेगे यांनी इथे न्यायशास्त्राचे पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे अभ्यासक समोरासमोर बसवले. विषय होता रसेल यांची विधानाविषयीची मांडणी. ती संस्कृतात करून पंडितांपुढे ठेवली गेली, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्यालाही रसेलवर हरकत घेता आली. ही चर्चा पुढे ‘संवाद’ या नावाने ग्रंथरूपात आली. परक्या भाषेतला विचार समोरच्याच्या भाषेत नेऊन द्यायचा आणि मग त्याचं म्हणणं ऐकायचं, एवढी मेहनत त्या माणसांनी घेतली. तुम्ही त्याच शहरात एका मुलीला तिच्याच भाषेत प्रश्न पुरा करू देत नाही. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

“मी माझी बाजू मांडतच नाही, फक्त शंका घेतो,” असं तुम्ही म्हणता. न्यायसूत्रांत यालाच वितंडा म्हटलं आहे. तीही काही ऐऱ्यागैऱ्याची वाट नव्हे. बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ त्याच वाटेने लिहिलं, पण प्रतिपक्षाच्या व्याख्या समोर मांडून, एकेक तपासून त्याने त्या फोडल्या. श्रीहर्षाचा आधार घ्यायचा असेल तर आधी त्याच्याइतकं वाचा.

येत्या शनिवारी एडमंड गेटियर यांचा १९६३चा निबंध आहे. खरी आणि सकारण समजूत म्हणजे ज्ञान, ही व्याख्या त्याने अवघ्या तीन पानांत अडचणीत आणली. “हे आपल्याकडे आधीच होतं,” असं तुम्ही म्हणाल. श्रीहर्षाकडे मुठीतल्या कवड्यांचं उदाहरण आहे खरं. किती आहेत, या प्रश्नाला कुणी नुसत्या अंदाजाने ‘पाच’ म्हणतो आणि त्या पाचच निघतात. पण गेटियरच्या उदाहरणांतल्या माणसांकडे कारणं आहेत आणि या माणसाकडे फक्त अंदाज. हा फरक पानं उघडल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा ती तीन पानं वाचून या. वाचली नसतील तरी या, पण त्या दिवशी फक्त ऐका. आणि बैठक सुरू होताच सर्वांसमोर त्या विद्यार्थिनीची माफी मागून तिचा अर्धा राहिलेला प्रश्न तिला पुरा करू द्या.

तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा,
एक सभासद