खिडकी उघडणारा हात

जयपूरला माझी मामेबहीण राहते. तिची लेक चौथीत. लसणाच्या फोडणीची मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी म्हणजे तिचा जीव की प्राण. परवा ती आईला म्हणाली, उद्यापासून ब्रेड-जॅम दे. डबा उघडला की मुलं नाक दाबतात, ‘बदबू, बदबू’ करून ओरडतात. मॅडम आल्या, त्यांनी खिडकी उघडली आणि म्हणाल्या, ‘बेटा, मम्मी से कहो कुछ और भेजें.’

मुलं चिडवतात, त्यांना समजावता येतं. मला राग आहे तो खिडकी उघडणाऱ्या हाताचा. मुलांनी चिडवलं होतं, मॅडमनी शिक्का मारला.

आणि जयपूरला वासाचं वावडं कधीपासून? सिंधी कॅम्प बसस्थानकाजवळ रावतच्या दुकानात कांदा कचोरीसाठी गर्दी उसळते. थंडीत मुळ्याचे पराठे होतात. बाजरीच्या रोटीबरोबर लसणाची चटणी तर राजस्थानात गावोगाव, आणि लसूण कोटा, बारां, झालावाडच्या शेतांत ढिगांनी पिकतो. कांदा-लसूण न खाणारी जैन, वैष्णव घरंही या शहरात पुष्कळ आहेत. त्यांना तो वास खरंच नकोसा होत असेल. त्यांनी खाऊ नये, हवं तर दोन बाकं लांब बसावं. दुसऱ्याच्या लेकराने काय खावं, हे मात्र त्यांनी ठरवायचं नाही. सकाळी गरमागरम भरून घट्ट लावलेला डबा मधल्या सुट्टीत उघडला, की कोंडलेला वास एकदम बाहेर येणारच, मग तो कुणाच्याही घरचा असो.

माझ्या भाचीला निदान घरी येऊन सांगता आलं. शिक्षण हक्क कायद्याने गरीब, वंचित मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांवर खासगी शाळेत आलेल्या पोराचं काय? या तरतुदीविरुद्ध राजस्थानातल्या विनाअनुदानित खासगी शाळांची संघटनाच सर्वोच्च न्यायालयात गेली होती. १२ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने तरतूद कायम ठेवली. त्यामुळे बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी घेऊन येणारं पोर आज हक्काने त्या वर्गात बसतं. ते नाक दाबणाऱ्यांच्या घोळक्यात डबा उघडतच नाही. भरलेला डबा तसाच घरी जातो, पोर दुपारपर्यंत उपाशी. ‘भूक नव्हती’ एवढंच आईला सांगतं.

त्याच कायद्याचं सतरावं कलम मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतं. छळ म्हणजे फक्त छडी नव्हे. चाळीस मुलांसमोर आईच्या हातच्या जेवणाला नावं ठेवणं हाही छळच.

शिक्षकांनो, उद्या मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जाऊ नका. आपला डबा वर्गात उघडा, त्या मुलीच्या शेजारी बसा आणि तिच्याकडून घासभर भाजी मागून घ्या.