आजारी पडा, पण नियमात बसून

फौजेत भरती कसं व्हायचं हे शिकवणाऱ्या अकॅडम्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात पैशाला पासरी आहेत. पहाटेच्या अंधारात पोरं डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळतात, दिवस उजाडला की बीमवर लोंबकळतात. फौजेत आजारी कसं पडायचं, याचा क्लास मात्र आजवर एकानेही काढलेला नाही. खरं तर अवघड पेपर तो आहे. भरतीत नापास झालात तर पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभं राहता येतं. आजारपणात नापास झालात तर अपंगत्वाच्या पेन्शनसाठी सुप्रीम कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तेही गुडघे गेलेले असताना.

सबब, होतकरू जवानांसाठी हे मार्गदर्शन. फी नाही.

आधी जागा नीट निवडा. रक्तदाब वाढवून घ्यायचाच असेल तर तो सियाचिनला घ्या, काश्मीरला घ्या. तिथे वाढलेला रक्तदाब राष्ट्राचा. पुणे, जबलपूर, अंबाला इथे वाढला तर तो ज्याचा त्याने बघावा. या गावांना फौजेत ‘पीस स्टेशन’ म्हणतात, आणि जिथे कागदावर शांतता आहे तिथे माणसाच्या डोक्यातही ती असणारच, असा शास्त्रीय समज आहे. गावाकडे आई दवाखान्यात, रजेचा अर्ज परत आलेला, पोरगी तिसऱ्या राज्यात तिसऱ्या शाळेत, आणि पहाटेचा फॉल-इन चुकलेला नाही. यात ताण कसला आला? दिल्ली उच्च न्यायालयाला मात्र हे पटलं नाही. तीस वर्षं नोकरी करून मधुमेह घेऊन घरी आलेल्या एका जवानाच्या खटल्यात या न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं की, आजार पीस स्टेशनवर सुरू झाला एवढ्यावरून नोकरीशी त्याचा संबंध तुटत नाही. निकालपत्रात न्यायमूर्तींनी चक्क कॅपुचिनोचा उल्लेख केला: आपण शेकोटीपाशी ती घोट घोट पीत असतो, तेव्हा सीमेवर कोणीतरी बर्फाळ वारा अंगावर घेत असतो. याचिका सरकारची होती. ती लिहिताना सरकारी बाजूने काय प्यायलं, याची नोंद निकालात नाही.

जागा ठरली की मग वंशावळ तपासा. हे महत्त्वाचं. आजारी जवानाचा निकाल लावणाऱ्या मेडिकल बोर्डापुढचा प्रवेश साधारण असा होतो. हवालदार उभा. टेबलापलीकडे डॉक्टर साहेब, पुढ्यात बोर्डाचा फॉर्म.

“बाप को शुगर था?”

“था साहब. आखिर-आखिर में.”

संपलं. बापाची तीन एकर भावाभावांत वाटली गेली. शुगर तेवढी याच्या एकट्याच्या सातबाऱ्यावर चढली. फॉर्मवर एक ओळ उमटते: आजार पिंडातला आहे, लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारण? कारण हेच, की तो पिंडातला आहे. वीस-बावीस वर्षांची नोकरी एका ओळीत बसवायची म्हणजे साधं काम नाही. आमच्या नामवंत लघुकथाकारांनाही ते जमलेलं नाही.

आता याच माणसाची भरतीच्या वेळची तपासणी आठवा. तपासणीच्या आदल्या दिवशी पोरं कानातला मळ काढून घेतात, कारण तेवढ्यावरूनही परत पाठवतात. तळपाय सपाट? बाहेर. उभं राहिल्यावर गुडघ्याला गुडघा लागतो? बाहेर. हातावर नको त्या जागी गोंदलंय? बाहेर. दात मोजतात, छाती फुगवून मोजतात, अंडकोषाची शीर फुगलीय का तेही बघतात. इतकं चाळून घेतलेल्या पोराच्या कागदावर फौजेचे डॉक्टर ‘शेप-वन’ लिहितात, म्हणजे मनाने, कानाने, हातापायाने, अंगाने, डोळ्याने ठणठणीत. पुढे वीस वर्षांनी त्याच खात्याचे डॉक्टर शोध लावतात की आजार आधीपासूनच आत दबा धरून होता. कानातला मळ ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्यांच्या नजरेतून फेफरं सुटलं होतं म्हणे.

गंमत अशी की नियम जवानाच्या विरोधात कधीच नव्हते. १९८२ च्या नियमांत स्वच्छ लिहिलं होतं की, भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असं धरायचं, पुढे बिघाड झाला तर तो नोकरीमुळे झाला असं धरायचं, पुरावा देण्याचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही, आणि शंका आली तर तिचा फायदा त्यालाच द्यायचा. इतका प्रेमळ नियम आपल्याकडे जावयासाठीही नसतो. पण नियम लिहिणारे एका खोलीत बसतात आणि वाचणारे दुसऱ्या. धरमवीर सिंग नावाचा जवान १९८५ ला भरती झाला, नऊ वर्षं नोकरी केली, फेफऱ्यामुळे १९९४ ला ‘बोर्ड-आउट’ झाला, म्हणजे मेडिकल बोर्डाने त्याला घरी पाठवलं. आजार पिंडातला, पेन्शन नाही. सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम सरकारला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा २०१३ चा जुलै उजाडला होता. हा निकाल आता या क्षेत्रातला प्रत्येक वकील झोपेतही सांगतो. शेरे मारणारे बोर्डही तो ऐकून असावेत, फक्त मनाला लावून घेत नाहीत. कारण सियाचिनला नेमणूक होऊन फेफऱ्यामुळे १९८९ ला घरी आलेल्या एका शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन दिली ती २०२५ च्या एप्रिलमध्ये. छत्तीस वर्षं. त्याने तर जागाही बरोबर निवडली होती!

आता टक्केवारी. इथे बोर्डाची प्रतिभा खरी खुलते. अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली असेल तर हातात भोपळा. २० झालं, आणि ते सेवेमुळे हे मान्य झालं, की हिशेबात ते ५० धरतात; पन्नासाच्या वरचं ७५, पंचाहत्तरच्या वरचं १००. याला ‘ब्रॉड बँडिंग’ म्हणतात. म्हणजे एकोणीस आणि वीस यांच्यात अंतर एक टक्क्याचं नाही, पन्नासाचं आहे. हे ध्यानात घेऊनच काही बोर्डांनी ‘१५ ते १९ टक्के’ हा नवा अंक शोधून काढला. गुडघा किती गेला? पंधरा ते एकोणीस. कान किती गेला? पंधरा ते एकोणीस. मानवी शरीर इतकं मोजूनमापून झिजतं हे वैद्यकशास्त्राला आजवर माहीत नव्हतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचीही सोय लावली: नोकरीतून काढून घरी पाठवण्याइतका माणूस आजारी असेल, तर त्याचं अपंगत्व २० टक्क्यांच्या वरच धरा. एका तोंडाने ‘बंदूक धरायच्या लायकीचा नाही’ आणि दुसऱ्या तोंडाने ‘तसं फार काही झालेलं नाही’, असं म्हणता येणार नाही. तोंडं दोन असली तरी.

या सगळ्या कुस्तीचं इनाम किती, हेही बघून घ्या. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या हिशेबी पगाराच्या ३० टक्के. पन्नास टक्क्यांना त्याच्या निम्मे, म्हणजे १५. शेवटचा हिशेबी पगार ४०,००० असेल तर महिना ६,००० रुपये, अधिक महागाई. या सहा हजारांसाठी आधी पहिलं अपील, मग दुसरं अपील, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. तिथे जवान जिंकला की सरकार उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात. सरकारचे वकील काळ्या गाडीतून येतात. जवान झेलम एक्स्प्रेसने येतो, स्लीपरने, पाठीला पट्टा बांधून. दोघांचाही खर्च एकाच देशाच्या खिशातून होतो, फक्त एकाच्या खिशाला भोक आधी पडतं.

सरकारच्या चिकाटीबद्दल मात्र शब्द अपुरे आहेत. ब्रॉड बँडिंगचा फायदा पुरी नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळावा की नाही, या एका मुद्द्यावर सरकारने इतकी अपिलं केली होती की १० डिसेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने ८०० हून अधिक अपिलं एका फटक्यात फेटाळली. कारगिलमध्ये शत्रूपुढे दाखवली नसेल अशी ही फळी आपल्याच लोकांपुढे उभी होती. दुसऱ्या वर्षी आपल्या गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी यावर तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात निवृत्त जनरल होते, कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग होते, फौजेच्या खटल्यांचे जाणकार वकील होते. समितीने अहवालात सांगितलं: ठरून गेलेल्या मुद्द्यांवर पुन्हा पुन्हा अपिलं करू नका. अहवाल चांगला जाडजूड आहे. कपाटाचं दार उघडं राहत असेल तर टेकू म्हणून उत्तम.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर पक्षपाताचा आळ यायचा. नोकरीभर कानाशी तोफ वाजली तरी ज्यांना ऐकू येत होतं, अशा काही बड्या साहेबांचे कान नेमके निवृत्तीच्या तोंडावर जातात. काहींचा रक्तदाब शेवटची बढती हुकल्यावर सापडतो. पेन्शन जितकी मोठी तितका टक्का गोड. २०२३ मध्ये कॅगनेही विचारलं की इतके अधिकारी अपंगत्व घेऊन निवृत्त होतात, त्यातही जीवनशैलीच्या आजारांनी, ते का? प्रश्न रास्त होता. उत्तर म्हणून २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. पुरी नोकरी करून जाणाऱ्यांना मिळायचं ते आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ झालं आणि आजारांची चाळणी बारीक झाली. आयकर खात्याने तर २०१९ च्या जूनमध्येच सांगून ठेवलं होतं की, अपंगत्वाच्या पेन्शनवर करमाफी हवी असेल तर नोकरी अर्ध्यात सोडून घरी या. पाय गमावूनही जो चिकटून राहिला आणि वयानुसार निवृत्त झाला, त्याने कर भरावा. म्हणजे लंगडत का होईना काम करत राहण्याचा गुन्हा करू नये. आमचं म्हणणं एवढंच: ज्या जनरलसाहेबांसाठी जाळं विणलं त्यांना ते कापायची कात्री ठाऊक असते. जाळ्यात सापडतो तो साताऱ्याकडच्या आपशिंग्याचा हवालदार.

आणि एक वर्ग असा, की ज्याला आजारी पडण्याचाही हुद्दा मिळालेला नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, दीक्षान्त संचलनाचे फोटो आपण सगळे फॉरवर्ड करतो. त्याच मैदानांवर, घोड्यावरून, बॉक्सिंगच्या रिंगणात, पोहण्याच्या तलावात दरवर्षी काही पोरं जायबंदी होतात. कोणाचा मणका जातो, कोणी कायमचं अंथरुणाला खिळतं. त्यांना माजी सैनिक म्हणत नाहीत, कारण ती अजून अधिकारी झालेली नव्हती. तोच अपघात कमिशन मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी झाला असता तर गोष्ट वेगळी. १९८५ पासून एनडीए, आयएमए अशा लष्करी प्रशिक्षण संस्थांतून असे सुमारे ५०० कॅडेट बाहेर पडल्याचं वृत्त २०२५ च्या ऑगस्टमध्ये छापून आलं. त्यांना मिळतं ते पेन्शन नाही, सानुग्रह मदत, महिन्याला कमाल ४०,०००. सोबतीला लागणारा माणूस आणि औषधं यांचा हिशेब तुम्ही करा. सर्वोच्च न्यायालयाने बातमी वाचून आपण होऊन दखल घेतली. त्यानंतर त्याच महिन्यात सरकारला ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, दवाखान्याची सवलत या मुलांना देता येईल, हे सुचलं. चाळीस वर्षं जे सुचलं नाही ते दोन आठवड्यांत सुचलं. वर्तमानपत्राचं वाचन वाया जात नाही, असं आम्ही म्हणतो ते उगाच नाही.

पोलादी मनाच्या माणसांवर आपलं प्रेम आहेच. पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलल्या आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून सुवर्णपदक आणलं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ ला. आपण त्यांच्यावरचा सिनेमा पाहिला, रडलो, पॉपकॉर्न संपवलं. अपंग सैनिकाने पदक आणलं की तो प्रेरणा असतो. पेन्शन मागितली की तो प्रतिवादी क्रमांक एक असतो.

असो. टवाळी पुरे. घरात, भावकीत, गावात कोणी ‘बोर्ड’वर आला असेल, लो मेडिकल कॅटेगरीत निवृत्त झाला असेल, तर त्याला एवढं सांगा: मेडिकल बोर्डाच्या पूर्ण कार्यवाहीची प्रत मागून घे, भरतीच्या वेळचे कागद आणि डिस्चार्ज बुक जपून ठेव, सह्या करण्याआधी फॉर्म वाच. नकाराचं पत्र आलं की ते देव्हाऱ्यात ठेवू नको. पहिल्या अपिलाची मुदत सहा महिन्यांची असते. मुदत गेली असली तरी रस्ता बंद नाही, मुंबईत न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे आणि वकील कुठे शोधायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. पण उशिरा गेलेल्याला थकबाकी बहुधा मागच्या तीनच वर्षांची मिळते. बाकीची वर्षं सरकारजमा.