आप्पांच्या तलावाची थंडी

सोलापुरात घरच्या आवारात पोहण्याचा तलाव बांधायला पैसा लागतोच, पण त्याहून जास्त लागतो तो निगरगट्टपणा. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि पाणी आलं की लोक लग्नघर सोडून घराकडे पळतात, तिथे पाणी साठवून त्यात नुसतं डुंबायचं म्हणजे चारचौघांत बसून एकट्याने पुरणपोळी खाण्यासारखं आहे.

हा निगरगट्टपणा माझ्या मेव्हण्यांनी, म्हणजे आप्पांनी, केला. तुळजापूर रस्त्याला शहर संपल्यावर त्यांचं शेत आहे. शेताच्या कडेला घर, आणि घराला लागून २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ फूट खोल असा निळ्या फरशीचा तलाव. पाणी स्वतःच्या विहिरीचं, त्यामुळे कुणाची बोलायची सोय नाही. तरी बघायला आलेला प्रत्येक पाहुणा काठावर उभा राहून मनातल्या मनात गुणाकार करतोच. ८०० घनफूट म्हणजे साधारण साडेबावीस हजार लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारी माप आहे. त्या मापाने पाच माणसांच्या घराला महिनाभर पुरून वर दोन-तीन दिवसांचं उरेल एवढं पाणी! "पोहता येतं का ओ तुम्हाला?" असं आप्पांना अजून कुणी विचारलेलं नाही. "किती दिवस पुरतंय ओ?" असं मात्र सगळे विचारतात.

आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. माणूस निवृत्त होतो, खातं होत नाही. तलावाच्या एका भिंतीवर त्यांनी तेलरंगाने पट्टी रंगवली आहे, सेंटिमीटरच्या खुणांसकट. पंप ज्या तोंडातून पाणी ओढतो त्या पातळीला लाल रेघ आहे आणि शेजारी सुवाच्य अक्षरांत 'मृतसाठा' असं लिहिलं आहे. पाणी त्या रेघेखाली गेलं की पंप हवा ओढायला लागतो, म्हणून खालचं पाणी हिशेबात धरायचं नाही. उजनीचं गणित हेच. ११७ टीएमसीच्या त्या धरणात ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे, म्हणूनच भर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात 'उजनी उणे' असं छापून येतं आणि बाहेरगावच्या माणसाला धरणात शून्याहून कमी पाणी कसं असू शकतं हे कळत नाही. सोलापूरच्या पोराला ऋण संख्या शाळेत वेगळी शिकवावी लागत नाही. आप्पा सकाळी पट्टी वाचतात आणि चहाच्या वेळी जाहीर करतात, "दाजी, आज ९२ टक्के."

तर दसरा झाला आणि न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. "मामा, पूल क्लोज केला का?" तिकडे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेची सुट्टी झाली की पोहण्याचा मोसम आटोपतो आणि लोक घरचे तलाव बंद करायच्या मागे लागतात. भाच्याने व्हॉट्सअॅपवर यादीच पाठवली. पाण्याची पातळी पाइपांच्या तोंडाखाली आणा, पाइपांत हवा मारून उरलंसुरलं पाणी हुसकून काढा, तोंडांना बुचं मारा, पाइपांत न गोठणारं द्रावण ओता, वरून जाड आच्छादन ताणून बांधा. कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि पाइपात अडकलेलं पाणी गोठलं तर पाइप फुटतो. आप्पांनी ही यादी चष्मा लावून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. शासकीय परिपत्रक आलं की ते आधी वाचायचं आणि लागू आहे की नाही ते मागाहून बघायचं, ही खात्याची सवय.

सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सोलापुरात बर्फ फक्त फ्रिजात होतंय रे." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आणि पाण्याला पांघरूणच पायजे असंल तर चादर घाल की. गावचीच हाय."

त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे पारा रात्री तेरा-चौदावर उतरला की लोक कानाला मफलर गुंडाळून एकमेकांना "लई गारठा" म्हणतात, आणि त्याच दिवशी दुपारी तीस अंशांत पंखा लावतात. पण परिपत्रक आलंय म्हटल्यावर काहीतरी कार्यवाही दाखवणं भाग होतं. आप्पांनी ताडपत्री मागवली. ती सोयाबीनच्या ढिगावर होती. परतीचा पाऊस अजून ढगात रेंगाळत होता आणि सोयाबीन भिजवून तलाव झाकणारा माणूस आमच्या सासूबाईंच्या घरात टिकला नसता. शेवटी रोपवाटिकेची हिरवी जाळी मिळाली. तिचा उपयोग कडुनिंबाची पानं आणि बोगनवेलीचा कचरा अडवण्यापुरता. मधमाश्यांना मात्र तिचा राग आला. पाणी प्यायला येणाऱ्या त्या गरीब बिचाऱ्या आता जाळीच्या भोकांवर रांग लावून बसायला लागल्या.

खरी कामं निराळीच निघाली. उन्हाळ्यात ऊन क्लोरीन खाऊन टाकतं आणि कोमट पाण्यात शेवाळ बघता बघता धरतं. थंडीत दोन्ही मंदावतं. म्हणून पंप आठ तासांवरून चार तासांवर आणला, क्लोरीनही बेताने घालायला सुरुवात केली. पाण्याचा सामू ७.२ ते ७.६ च्या मध्ये हवा, तो रंग बदलणाऱ्या पट्टीने रोज बघणं सुरू झालं. सामू आप्पांचा नवा छंद. विहिरीचं पाणी क्षाराचं, त्यामुळे पाण्याच्या रेषेवर फरशीला पांढरा थर बसतो. तो व्हिनेगरने घासायचं काम माझ्याकडे आलं, कारण जावयाला नाही म्हणता येत नाही.

हे सगळं करून तलाव 'बंद' झाला आणि हुरडा सुरू झाला.

सोलापूर म्हणजे ज्वारीचं कोठार, आणि मालदांडी ज्वारीचं घराणं आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळचं. डिसेंबर-जानेवारीत कणसात दूध भरलं की शेतात आगटी पेटते, आणि वर्षभर न फिरकणाऱ्या नातेवाइकांना आप्पांची आठवण होते. मोठी माणसं हुरडा, शेंगाची चटणी आणि दही घेऊन बसतात. पोरं मात्र तलावाकडे धावतात, जाळी गुंडाळून ठेवतात आणि चार फूट पाण्यात मुटका मारतात. आप्पा ओरडतात ते पोरांच्या काळजीने नाही. एका मुटक्याला किती लिटर बाहेर जातं, याचा त्यांच्याकडे हिशेब आहे. मग सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा येते, संक्रांतीच्या सुमारास होणाऱ्या तिच्यातल्या अक्षता सोहळ्याला आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे दुसऱ्या दिवशी शेतावर हजर. थंडीच्या चार महिन्यांत या तलावाला एक दिवस सुट्टी मिळत नाही.

माझं मत विचाराल तर न्यू जर्सीची यादी चूक नाही, तिचा महिना चुकला. सोलापुरात तलाव बंद करायचा तो उन्हाळ्यासाठी. मेमध्ये दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसतं हवेत जातं, म्हणजे एवढ्याशा तलावातून रोज १८५ लिटर. तेव्हाच विहीर तळ दाखवते आणि डाळिंबाची झाडं तोंड वासून उभी असतात. म्हणून एप्रिलात आप्पा क्लोरीन थांबवतात, आठवडाभर उन्हात ते उडून जाऊ देतात आणि मग मोटर लावून पाणी बागेला सोडतात. त्याला ते 'आवर्तन' म्हणतात, आणि त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते पोहताना कधी दिसलेलं नाही. सासूबाईही त्या दिवशी तलावाला नावं ठेवत नाहीत. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात तळं खोदलं ते लोकांसाठी, हे त्या दर वेळी ऐकवतात. डाळिंबाला पाणी गेलं की एवढं ऐकवणं चुकतं.

एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंत तलाव कोरडा. तेव्हा तिथे सांडगे आणि कुरडया वाळत असतात, निळ्या फरशीवर छान दिसतात.

तुम्हाला यायचं असेल तर जानेवारीत या. सकाळी अकराच्या आत पाण्यात उतरू नका, आप्पांना टक्केवारी विचारा, ते खूश होतात. आणि टॉवेल आणू नका. टॉवेल विणणाऱ्या गावात पाहुण्याने टॉवेल घेऊन येणं आम्हाला अपमानाचं वाटतं.