तयार स्क्रिप्ट चिकटवून ग्राफ डेटाबेस शिकवणाऱ्या सरांना

सर,

एका दुपारीतच तुम्ही ओझरच्या पोरांना ग्राफ डेटाबेस शिकवून मोकळे झालात. चित्रपटांची तयार स्क्रिप्ट चिकटवा, बटण दाबा, पडद्यावर गोल आणि बाण उमटले की प्रमाणपत्र घ्या! टॉम हँक्ससोबत कोणी काम केलं हे आता त्यांना सांगता येतं. घरच्या विहिरीला पाणी कुठून येतं ते मांडा म्हटलं, की एकाचाही हात पुढे येत नाही.

ज्या गावात शिकवायला आलात ते गाव तरी बघायचं होतं. ओझर वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला. पाणी वरच्या भागातच संपायचं. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणलं आणि 1990 च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर, बाणगंगा या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घेतलं, ओहोळांवरच्या बंधाऱ्यांत सोडलं, विहिरी भरल्या. पुढे सगळ्या प्रकल्पावर अशा 24 संस्था झाल्या.

याहून चांगला नमुना कुठून आणणार होतात? धरण, कालवा, चारी, बंधारा, विहीर, शेत हे नोड, म्हणजे तुमचे गोल. ‘पाणी देते’ हे नातं, म्हणजे बाण. आता विचारा: एक चारी बंद पडली तर कोणाचं शेत कोरडं? टेबलांच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक टप्प्याला नवा जॉइन, आणि टप्पे किती ते आधी ठाऊक नसल्यानं शेवटी पुनरावर्ती क्वेरी. सायफर या ग्राफ डेटाबेसच्या क्वेरी भाषेत नात्याच्या नावापुढे एक तारांकन दिलं की कितीही लांबची वाट सापडते. पण खरी गंमत पुढेच आहे. चारी बंद झाली तरी बंधाऱ्याचा पाझर विहिरीला मिळतोच. म्हणून ज्या शेताला दुसरी वाटच उरत नाही तेवढंच कोरडं. हे पोरांनी स्वतः शोधायला हवं होतं.

आणि पाणीपाळी कुठे ठेवायची? तारीख, तास, कोटा नात्यावर लिहायचे की पाळीचा वेगळा नोड करायचा? इथे पोरं अडली असती, भांडली असती, मांडलेलं मोडून पुन्हा मांडलं असतं. तुमच्या चित्रपटांच्या नमुन्यात नटाची भूमिका नात्यावर आधीच लिहून ठेवलेली. ती तिथे का, हे विचारायला तुम्ही कोणाला जागाच ठेवली नाहीत.

पुढच्या वेळी स्क्रिप्ट घरी ठेवा. पोरांच्या हातात कोरा कागद द्या आणि पाटकऱ्याला वर्गात बोलवा. कुठली चारी कुठे फुटते ते त्याला विचारून मगच कीबोर्डला हात लावू द्या.

ओझरचा एक रहिवासी