प्रेशरवाले सर

धाराशिवच्या कुठल्याही नव्या कॉलनीत घराला रंग लागायच्या आत एक माणूस हजर होतो. निवृत्त, बहुतेक विज्ञानाचा शिक्षक, खिशात टेस्टर, हातात टेप. बोलावलं कुणी, हे विचारायचं नसतं.

"शॉवर बसवालाव व्हय? पंप कुठं ठेवणार?"

"बाथरूममधीच, कोपऱ्यात," घरमालक भाबडेपणानं सांगतो. सर डोळे मिटून घेतात. मग तास सुरू होतो. "दहा मीटर उंच पाणी, तेव्हा कुठं एक बार दाब. तुमची टाकी शॉवरच्या वर आठ फूट. म्हणजे जेमतेम पाव बार. ही तर महादेवावरची गळती झाली!"

पंप गच्चीवरच हवा, टाकीला लागून आणि टाकीच्या तळाच्या खाली. पंपाला पाणी ढकलता येतं, ओढायचा त्याला कंटाळा. वर ठेवला की हवा धरलीच म्हणून समजा. खाली रबर, नाहीतर गुणगुण थेट झोपायच्या खोलीत उतरते. डोक्यावर पत्रा, मे महिन्यासाठी. शेजारून एक बायपास, त्यात पाणी उलटं न फिरू देणारा एनआरव्ही, म्हणजे लाइट गेली तरी निदान गळती चालू राहील. वास्तुवाला दिशा सांगत असतो, सर एल्बो मोजत असतात. दर एल्बोला थोडा दाब मरतो. प्लंबर दोघांना हो म्हणतो आणि पाइप जिथं पुरेल तिथं पंप बसवून जातो.

पंचाईत अशी की सरांचं सगळं बरोबर असतं. फक्त गाव धाराशिव आहे. इथं उजनीचं पाणी सोलापूर जिल्ह्यातून मजल-दरमजल करत येतं, आणि नळ आला की लोक हातातला घास टाकून मोटार लावायला पळतात. शेजारच्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. पंप लावलेला शॉवर मिनिटाला दहा-बारा लिटर सहज ओततो. हा आकडा सरांनी अभिमानानं सांगितला की घरातल्या वहिनी दारातूनच गुणाकार करतात, "म्हणजे पाच मिनिटांत चार बादल्या! एवढ्यात आमच्या घरच्या सगळ्यांच्या आंघोळी होतात, सर."

सरांच्या स्वतःच्या गच्चीवरचा पंप मात्र पाहण्यासारखा. तो खऱ्या अर्थानं चालतो दिवाळीत, पुण्याहून मुलगा आला की. एरवी दर रविवारी, सील चिकटू नये म्हणून मिनिटभर. तेव्हा शॉवरखाली बादली असते. मोटार बंद झाली की सर तीच बादली ओढून घेतात, पाट मांडतात आणि तांब्यानं यथासांग आंघोळ करतात.

"सर, मग पंप कशाला?" असं एकदा कुणीतरी विचारलंच.

"प्रेशरचं मी केलंय," सर म्हणाले, "पाण्याचं पाऊस बघून घेईल."