गेंड्याची कातडी

वेताच्या तलवारीचा घाव शिरस्त्राणावर आदळतो. तो जिव्हारी लागला का, हे पंच सांगत नाही. ज्याला लागला तोच सांगतो, आणि स्वतःहून खाली पडतो. मध्ययुग पुन्हा जगू पाहणाऱ्या 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम' या संस्थेचा हा नियम. १९६६च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, एका घराच्या परसात ती जन्मली. तिथे राजासुद्धा द्वंद्व जिंकूनच होतो. म्हणजे सिंहासनही हरणाऱ्याच्या खरेपणावर उभं! खेळातला इतका सुंदर नियम मला दुसरा माहीत नाही.

घाव लागूनही न मानणाऱ्याला तिथले लोक गेंडा म्हणतात. मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही.

पण मैदानात एक घाव नाकारला तर नावं ठेवणारी हीच माणसं तंबूंच्या गल्लीत गप्प का होतात? नवखी मुलगी एखाद्या नाइटची तक्रार घेऊन येते, आणि आधी बघितला जातो त्याच्या कंबरेचा, नाइटपदाची खूण असलेला पांढरा पट्टा. 'त्यांनी किती वर्षं दिलीत!' दिली असतील. वर्षं मोजून वागणुकीतून सूट मिळत नसते. स्त्रीदाक्षिण्य म्हणजे वाकून हात चुंबणं नव्हे. तिनं नको म्हटल्यावर हात मागे घेणं.

२०१८मध्ये संस्थेच्याच दक्षिण कॅलिफोर्नियातल्या 'केड' राज्याचे राजा-राणी स्वस्तिकांचे काठ लावलेल्या पोशाखात मिरवले. नमुना जुन्या विणकामातला आहे, असा बचाव झाला. आपल्या उंबरठ्यावरचं स्वस्तिक वेगळं. हिटलरनंतर पाश्चात्य राजवस्त्रावर ते कोणाच्या काळजात रुततं, हे त्यांना कळायला हवं होतं. ओरड झाली, दोघांना पायउतार व्हावं लागलं. सभासदांनी मुकुटाचा मुलाहिजा ठेवला नाही, हे उत्तम केलं.

आणि 'खरे नाइट असे नव्हते' हे तर कोणी सांगूच नये. ते असेच होते, म्हणून तर नियम आले. ९८९ साली फ्रान्समधल्या शारू इथे धर्मगुरूंची सभा भरली. शस्त्रधाऱ्यांच्या लुटीला लोक विटले होते. गरिबाचं जनावर लुटणारा धर्मबाह्य, असं त्या सभेनं जाहीर केलं, आणि जनावरं नावानिशी मोजली: मेंढ्या, बैल, गाढवं, गायी, शेळ्या, बोकड, डुकरं. लुटणाऱ्यानं आजवर किती लढाया मारल्या, याचा रकाना त्या ठरावात नव्हता.