लुमेनकाका

प्रत्येक सोसायटीत सेक्रेटरीशी कायम भांडणारा एक जण असतो, गच्चीच्या किल्लीवर हक्क सांगणारा एक असतो आणि एक लुमेनकाका असतात. पहिले दोघे आवाजावरून कळतात, लुमेनकाका खिडकीवरून. रात्री अकरानंतर इमारतीत निजानीज झाली की त्यांच्या खिडकीतून असा पांढराफटक झोत बाहेर पडतो की समोरच्या विंगमधली माणसं पडदे ओढून घेतात. मिनिटभरात तो विझतो. "हात्तिच्या!" एवढं ऐकू येतं. पाठोपाठ काकूंचा आवाज येतो, "झालं का समाधान? झोपा आता."

आमचे लुमेनकाका डोंबिवलीचे. कारखान्यात मेन्टेनन्सला जन्म काढून निवृत्त झालेले. त्यांच्या वयाची माणसं काशीला नाहीतर कन्याकुमारीला जातात, काका लॅमिंग्टन रोडला जातात. त्या रस्त्याचं डॉ. भडकमकर मार्ग असं बारसं होऊन जमाना लोटला, पण रेझिस्टर विकत घेणाऱ्यांच्या तोंडी ते नाव अजून बसलेलं नाही. पोळीभाजीचा डबा, मल्टिमीटर आणि काळ्या काचेचा चष्मा पिशवीत टाकून काका सकाळची लोकल पकडतात, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात आणि दुकानं उघडायच्या आधीच शटरसमोर हजर असतात.

दुकानदार काउंटरवर पिवळ्या चौकोनाची एक एलईडी चिप ठेवतो. "सौ वॉट, काका. एकदम ओरिजिनल."

"डेटाशीट?"

"डेटाशीट का क्या करोगे? जलाके देखो ना."

काका जाळून बघतात, पण दुकानदाराला अपेक्षित असतं तसं नाही. असल्या चिपमध्ये दहा-दहा बारीक ठिपक्यांच्या दहा रांगा असतात. रांगेतले दहाही एकामागे एक जोडलेले, म्हणून चिपला तीस-बत्तीस व्होल्ट लागतात. पूर्ण जोर लावला तर चौकोन नुसता ढणढणतो, आतलं काही दिसत नाही. काका सप्लायचा स्क्रू फिरवून करंट इतका खाली आणतात की चिप जेमतेम मिणमिणते. मग एकेक ठिपका सुटा दिसायला लागतो. सगळे सारखे पेटले तर माल बरा. मध्येच काही काळे राहिले की काका चिप परत सरकवतात. "यातले सात जण संपावर आहेत. दुसरी दाखव."

अशा दहा चिपा नापास करून, अकरावीवर घासाघीस करून काका १०० वॉटची चिप घरी आणतात. आणि चालवतात ४० वॉटवर.

"मग ४० वॉटचीच का नाही आणली?" हा प्रश्न त्यांना विचारू नये. मी विचारला, आणि माझा चहा निवला. करंट दुप्पट केला म्हणून उजेड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढतो. उरलेल्याची उष्णता होते. बरं, उजेड खरोखर दुप्पट झाला तरी आपल्या डोळ्याला तो दुप्पट वाटतच नाही. मग चिपला फुकट कशाला तापवायचं? जुना पिवळा बल्ब आपली उष्णता उजेडाबरोबर समोर फेकून मोकळा व्हायचा. एलईडीचा उजेड गार असतो, पण त्याची पाठ तापते. ती उष्णता मागच्या मागे ओढून घेतली नाही तर उजेड मंदावतो आणि आयुष्य घटतं. "दणकट घ्यायचा आणि निम्म्यावर चालवायचा," हे काकांचं ब्रीद. काकू म्हणतात की नोकरीतही त्यांचं हेच धोरण होतं.

उष्णता ओढायला लागतो हीटसिंक. काकूंच्या शोकेसमध्ये पूर्वी काचेची बदकं होती, आता भंगारातून आणलेले पेंटियमच्या काळातले ॲल्युमिनियमचे हीटसिंक आहेत. दर शनिवारी त्यांच्या पात्यांमधली धूळ जुन्या टूथब्रशने निघते. हीटसिंकवर चिप बसवण्याचा विधी बघण्यासारखा असतो. आधी वायरी सोल्डर करायच्या, मग चिप बसवायची. उलट केलं तर सोल्डरिंगची सगळी ऊब हीटसिंक गिळून टाकतो आणि शिसं वितळतच नाही. मग दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसायचे. मग थर्मल पेस्ट, तीही तांदळाच्या दाण्याएवढीच. ती दोन धातूंमधल्या बारीक फटी बुजवण्यापुरती असते. जाड थर दिला तर तोच उष्णता अडवून धरतो. एकदा मदतीला म्हणून सेक्रेटरींच्या मुलाने सढळ हाताने पेस्ट फासली. काकांनी ती खरवडून काढली आणि शांतपणे म्हणाले, "श्रीखंड वाढतोयस का?"

पण काकांचा खरा जीव चिपमध्ये नाही, ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर म्हणजे एलईडीला मोजून करंट देणारी ती डबी. एलईडीला व्होल्टेज देऊ नये, करंट द्यावा, हे काका मुंजीत बटूला कानमंत्र द्यावा इतक्या गांभीर्याने सांगतात. पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात खरे, पण त्यात दोन दशांशांची भर पडली तर करंट दुप्पट होऊ शकतो. वर तो तापला की त्याची व्होल्टेजची गरज उतरते, म्हणजे त्याच व्होल्टेजला तो आणखी करंट ओढतो, आणखी तापतो आणि शेवटी राम म्हणतो. एखाद्या उत्साही पोराने बारा एलईडी नुसते समांतर जोडून आणले की काका कपाळाला हात लावतात. "अरे, हे एका तिजोरीवर बसलेले भाऊ आहेत. एक जण थोडं जास्त उचलणार, तोच आधी बुडणार, आणि त्याचा बोजा उरलेल्यांच्या डोक्यावर. सिरीजमध्ये जोड, सगळ्यांना सारखं मिळेल."

कुणाच्या पोराच्या वाढदिवसाला गेले तरी त्यांच्या खिशातून एलएम ३१७ नावाचा रेग्युलेटर निघतो. सव्वा व्होल्टला रेझिस्टरने भागा, करंट मिळेल, ३.६ ओहम लावा, ३५० मिलिॲम्पियर, एक वॉटच्या एलईडीचं पोट भरलं. कागदी टोप्या घातलेली मुलं केककडे बघत हा भागाकार ऐकून घेतात.

२०१४ साली निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा काकांनी मजल्यावर पेढे वाटले. सगळ्यांना वाटलं मुलीचं ठरलं. "जपानमध्ये दिलीत की काय?" असं शेजारच्या आजींनी विचारलंसुद्धा. मग निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की पांढरा उजेड कसा होतो, हे पेढा तोंडात असेपर्यंत सर्वांना ऐकावं लागलं. पुढच्याच वर्षी सरकारी योजनेतून स्वस्त एलईडी बल्ब घरोघर आले. लोक खूश झाले, काकांना मात्र अवघड वाटलं. कष्टाशिवाय मिळालेला उजेड त्यांना मानवत नाही. मेलेले बल्ब तेवढे ते आवर्जून मागून घेतात आणि टोपण उघडून दाखवतात. रांगेतल्या बहुधा एकाच चिपवर काळा ठिपका असतो आणि तिच्यापायी बाकीच्या धडधाकट चिपा अंधारात बसलेल्या असतात. "बघा, करंट जास्त आणि पाठीला पत्रा नाही. हा मेला नाही, मारला."

आता गणपतीचं सांगायला हवं. गेल्या वर्षी घरच्या मखरासाठी दिवा करायचं काकांनी मनावर घेतलं. दिवा म्हणजे बाप्पाच्या मूर्तीवर पडणारा एक झोत, एवढंच काम. पण काका बाल्कनीतल्या कुंडीतून जास्वंद तोडून लॅमिंग्टन रोडला गेले आणि प्रत्येक एलईडीखाली फूल धरून बघू लागले. कारण सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० असा नुसता छापून भागत नाही. त्या आकड्यात पहिल्या ८ रंगांची सरासरी असते. गडद लाल हा नववा, तो त्या हिशेबात धरतच नाहीत. त्यामुळे आकडा बरा असूनही जास्वंद विटकरी दिसू शकते. "बाप्पाला आवडतं लाल फूल, आणि ते तपकिरी दिसलं तर काय उपयोग?" या युक्तिवादाला दुकानदाराकडे उत्तर नव्हतं. काकूंच्या कुंडीत मात्र चतुर्थीला वाहायला एकही फूल उरलं नाही.

मनासारखा एलईडी मिळाला, लेन्स मिळाली, हीटसिंक तर घरचाच. फक्त हवा तसा ड्रायव्हर परगावहून यायचा होता. घरात दीड दिवसाचा गणपती. ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी आला. बाप्पा नेहमीच्या ट्यूबलाइटखाली बसले आणि मोदक खाऊन गेले. विसर्जनानंतर काकांनी रिकाम्या मखरात दिवा लावून दाखवला. झोत खरोखर सुरेख होता. त्या उजेडात मखराच्या थर्माकोलवर कुठे कुठे डिंक लागला होता, तेही स्पष्ट दिसलं.

एवढं असून या माणसाला वेडा म्हणायला जीभ रेटत नाही, आणि याला कारण आमचा जिना. सोसायटीने आणलेले जिन्यातले बल्ब येतात नि जातात. सेक्रेटरी दर सभेत त्यांचा खर्च मांडतात आणि दर सभेत भांडण होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मात्र काकांनी स्वखर्चाने बसवलेला दिवा आहे. ३ वॉटचा एलईडी दीड वॉटवर, पाठीला पेंटियमचा हीटसिंक. दिसायला ध्यान आहे. पाहुणे बिचकून विचारतात की हे काय लटकतंय. पण या दिव्याखाली शिकलेल्या मुली लग्न होऊन माहेरपणाला येतात, तरी तो बदलावा लागलेला नाही. बाकीचे बल्ब जास्त प्रकाशतात आणि लवकर जातात.

तेव्हा घरी दिवा करायचं मनात आलं तर वॉटचा आकडा बघून भाळू नका. पैसे ड्रायव्हर आणि हीटसिंकला ठेवा, एलईडीला निम्म्यावर चालवा आणि चालू चिपकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून बघू नका. आणि तुमच्या सोसायटीतल्या लुमेनकाकांना गणपतीच्या रोषणाईचं काम जरूर सांगा. फक्त ते आषाढातच सांगा.